डेंग्यूच्या धास्तीने अंगणातली तळी बुजवू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या बंगल्यांच्या सोसायटीत समितीचे एक परिपत्रक घरोघरी वाटण्यात आले. डेंग्यू टाळण्यासाठी प्रत्येकाने आपल्या आवारातील हौद आणि लहान तळी महिनाअखेरपर्यंत बुजवावीत, तसेच चिखल होऊ नये म्हणून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे. समितीच्या हेतूविषयी मला शंका नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीत दोन घरांत डेंग्यूने माणसे आजारी होती. परंतु या उपायांनी डास कमी होणार नाहीत आणि आज अंगणात मुरणारे पाणी मात्र रस्त्यावर येईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात, तेही मुख्यतः लहान भांड्यांत वाढतो. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी घालते. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच भांडे नुसते उपडे करणे पुरेसे नसते. आठवड्यातून एकदा आतून घासावे लागते. परिपत्रक मिळाल्यावर मी घराची कानाकोपऱ्यासह तपासणी केली, तेव्हा फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनीप्लांटच्या कुंडीखालच्या बशीत आणि गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घडीत अळ्या वळवळताना सापडल्या. मागच्या अंगणातल्या तळ्यात तीन सकाळी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन पाहिले, तरी एकही दिसली नाही. तिथे चतुरांची पिल्ले आणि पाण्यातले किडे डासांच्या अळ्याही खातात.

हे तळे सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि मधोमध दोन फूट खोल आहे. पूर्वी तिथे सरळ भिंतींचा सिमेंटचा हौद होता. एका सकाळी त्यात खार बुडून मेलेली सापडली. बाहेर यायला तिला कुठे पायच टेकता आला नसावा. ती चूक माझीच होती. त्यानंतर एका बाजूने उतार काढून दगड रचले आणि काठाला वेखंड व अळू लावले. तेव्हापासून दयाळ आणि नाचण तिथे अंघोळीला येतात, अधूनमधून खंड्या तारेवर बसून टेहळणी करतो. दुसरी चूक गप्पी माशांची. बंदिस्त टाकीत किंवा वापरात नसलेल्या हौदात गप्पी उपयोगी पडतात, परंतु हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे आणि तो फक्त डासांच्या अळ्यांवर थांबत नाही. मी ते सोडले त्या वर्षी तळ्यात बेडकाचे एकही पिल्लू तगले नाही. सगळे गप्पी जाळीने काढून टाकल्यावर दुसऱ्या पावसात झाडबेडूक परतले. ओढ्यात किंवा नदीत तर गप्पी कोणीही सोडू नयेत.

तळ्यामुळे साप येतात, ही भीतीही बोलून दाखवली जाते. येतो तो बहुधा दिवड, आणि तो बिनविषारी असतो. न ओळखता आलेल्या सापाला हात लावू नये, मारूही नये, सर्पमित्राला बोलवावे. घरात लहान मूल असेल तर तळ्यावर मजबूत जाळी हवीच. त्याबाबत तडजोड नको.

आता पाण्याच्या निचऱ्याविषयी. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी गोळा होते. आमच्याकडे गच्चीचा पाइप तळ्यात सोडला आहे, तळे भरले की जादा पाणी घराच्या पायापासून दहा फुटांपलीकडच्या, दगडगोटे आणि विटांचे तुकडे भरलेल्या शोषखड्ड्यात जाते आणि एका दिवसात मुरते, कारण खाली मुरूम आहे. काळ्या मातीत इतक्या लवकर मुरत नाही. तिथे खड्डा मोठा घ्यावा लागतो. गल्लीतल्या प्रत्येकाने अंगणावर ब्लॉक घातले, तर हे सगळे पाणी एकाच वेळी गटारात उतरेल आणि आमच्या भागातले पाणी शेवटी आंबिल ओढ्यालाच मिळते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्याच्या पुराने काय केले, हे आम्ही काठावरच्या लोकांनी पाहिले आहे. त्या पुराची कारणे आमच्या अंगणांपेक्षा पुष्कळ मोठी होती, हे खरे. तरी आपल्या छपरावरचे पाणी शक्य तितके आपल्याच जमिनीत जिरवणे हे आपले काम आहे. शिवाय ब्लॉकच्या फटीत किंवा खचलेल्या कोपऱ्यात साचणाऱ्या पाण्यात ना चतुर असतात, ना पाणकिडे, म्हणजे डासाला हवी तशी जागा आपणच तयार करून देणार.

समितीला माझी विनंती आहे की, बुजवण्याचा आदेश मागे घेऊन त्याऐवजी दर रविवारी प्रत्येक घरातील बश्या, कूलर, ट्रे आणि ताडपत्र्या तपासण्याची पाळी लावावी. ज्यांना तळे नकोच असेल, त्यांनीही ते दिवाळीनंतर बुजवावे. आमच्या तळ्यावर झुकलेल्या अळूच्या पानाला चार दिवसांपूर्वी झाडबेडकाने मुठीएवढे फेसाचे घरटे केले होते. काल त्यातली पिल्ले टपटप पाण्यात पडली. त्यांना पाय फुटून बाहेर पडायला अजून दीड-दोन महिने लागतील. निदान तोवर तरी कोणाच्याही अंगणात भरावाची माती टाकू नये.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे