गळ्याला ओढणी का गुंडाळते ते सांगायचंय

आई, बाबा,

काल व्हिडीओ कॉलवर आई तू तिसऱ्यांदा विचारलंस, जून महिन्यात गळ्याला ओढणी कशाला गुंडाळून बसलीयेस, घसा दुखतोय का, हळद-दूध घे. मी म्हटलं एसी जास्त आहे. एसी जास्त नाहीये. इथे जपानात ताकामात्सुमध्ये पावसाळा लागलाय, नुसती चिकचिक, आणि ऑफिसवाले एसी २८ च्या खाली जाऊ देत नाहीत. घसा पण ठणठणीत आहे. कॉलवर बोलायला जाते तर समोर तुझा चेहरा असतो, मागून बाबांच्या खुर्चीची करकर ऐकू येते, आणि मी परत हवापाण्यावर येते, म्हणून लिहून टाकतेय. दाद्याला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे. बाबा, चष्मा लावून वाचा, आणि जेवण झाल्यावर, गोळी घेऊन मगच वाचा.

आधी खाण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. तुम्ही रोज विचारता काय जेवलीस आणि मी वरण-भात सांगते. रात्री खरंच वरण-भात असतो, छोटा कुकर आहे, तूरडाळ ऑनलाइन मिळते, तू दिलेला मेतकुटाचा डबा अजून तळाला आहे, ताजं दही मिळतं, लोणचं संपलेलं नाही, तेव्हा पोरगी उपाशी मरतेय असलं काही मनात आणू नका. पण दुपारचं मी दीड वर्ष थापा मारतेय. दुपारी मी उदोन खाते.

उदोन म्हणजे गव्हाच्या शेवयाच, पण नाडीएवढ्या जाड, चौकोनी कडांच्या, गुळगुळीत. पीठ, मीठ, पाणी, बास. हा कागावा प्रांत जपानातला सगळ्यात लहान, आणि २०११ पासून यांनी स्वतःची जाहिरातच 'उदोन प्रांत' म्हणून चालवलीये, म्हणजे कोल्हापूरच्या लोकांनी सरकारी बोर्डावर 'मिसळ जिल्हा' लिहून घ्यावं तसं. इथे पाऊस कमी म्हणून भातापेक्षा गहू जास्त पिकायचा, जुने लोक सांगतात. आता गंमत म्हणजे बराचसा गहू ऑस्ट्रेलियाहून येतो, मग यांनी स्वतःची एक गव्हाची जात काढली, तिचं नाव 'सानुकीचं स्वप्न'. सानुकी हे या भागाचं जुनं नाव. गव्हाला असलं नाव, बाबा, तुम्ही खपली-लोकवनवरून कुणाशीही तासभर भांडता, तुम्हाला इथले लोक आवडतील.

ऑफिसच्या गेटपासून चार मिनिटांवर पत्र्याचं एक दुकान आहे. सकाळी साडेसहाला उघडतं आणि दीड-दोनला बंद, त्याच्या आधी शेवया संपल्या तर आधीच. ट्रे घ्यायचा, लायनीत उभं राहायचं, किती गुंडे पाहिजेत ते सांगायचं, लहान म्हणजे एक गुंडा, मोठा म्हणजे दोन-तीन. मग वाडग्यात ते थंड गुंडे मिळतात आणि पुढचं तुम्हीच करायचं! शेजारी उकळत्या पाण्याची टाकी असते, लांब दांड्याच्या गाळणीत शेवया घालून दहा-एक सेकंद बुडवायच्या, झटकायच्या, वाडग्यात ओतायच्या, आणि मग दुसऱ्या टाकीचा नळ सोडून वरून गरम पाणी घ्यायचं. त्यावर पात, किसलेलं आलं, तळणीचा चुरा, हे सगळं फुकट. तीनशे येनच्या आसपास पडतं, आपले पावणेदोनशे. पैसे आधीच, खाऊन झाल्यावर वाडगा आपणच नेऊन ठेवायचा. पहिल्या दिवशी मी गाळणी झटकताना निम्म्या शेवया टाकीत सोडल्या, मागे सव्वीस माणसं लायनीत, कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. आणि दहा मिनिटांत जेवण उरकतं, सगळे सुर्रर्र सुर्रर्र आवाज करत खातात, आवाज करणं इथे चांगलं. आई, चाळीस वर्षं तू बाबांना बशीतला चहा फुरकू नका म्हणून ओरडतेस, इथे त्यांना कुणी बोट लावणार नाही.

एकदा मी लवकर गेले होते तर आत मालक पिठावर चक्क चालत होता. खाली प्लॅस्टिक, वर चटई, आणि हा बाबा पाय आपटत गोल गोल. माझ्या पोटात धस्स झालं, अन्नाला पाय लागला तर आपण लगेच डोक्याला हात लावतो, आणि हा माणूस रोज सकाळी अन्नावर उभा राहतो. मग त्याच्या बायकोने, तिला मी ओबासान म्हणते म्हणजे मावशीच, मोडकंतोडकं समजावलं की हाताचं वजन पुरत नाही, पायाने तुडवल्याशिवाय चिवटपणा येत नाही. त्या चिवटपणाला हे 'कोशी' म्हणतात. आणि मिठाचं गणित ऐक, उन्हाळ्यात एक वाटी मीठ तर तीन वाट्या पाणी, कडक थंडीत एकाला सहा, एरवी एकाला पाच, त्याची म्हणच आहे यांची. मला डोळ्यासमोर तू दिसलीस, मे महिन्यात गच्चीवर, आज ऊन कसंय ते बघून पापडखार टाकणारी, आणि तुझ्या पाटाशेजारी मी कुरडईचा कच्चा चीक बोटाने चाटत बसलेली. तू उलथनं दाखवायचीस, मारायची कधीच नाहीस.

चव विचारशील तर सगळ्यात जवळ आपल्या चकोल्या. वरणातल्या चकोल्या तू काढायचीस ना बाबा कामावरून उशिरा यायचे तेव्हा, तूप सोडून, तसंच पोट गच्च आणि डोळे जड.

आता ते पाणी.

त्या नळातून जे येतं ते नुसतं पाणी नसतं, त्याला दाशी म्हणतात, आणि या भागातली दाशी इरिकोची असते. इरिको म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. समोरच्या समुद्रात इबुकी नावाचं बेट आहे तिथली सगळ्यात नावाजलेली. आई, बाजारात सुकट-बोंबील घेऊन बायका बसतात त्या लायनीतून तू मला खेचत न्यायचीस, नाकाला पदर लावून, तो वास. इतका उग्र नाही, पण तोच.

मी पहिल्या दिवसापासून नाही प्यायले, नानांची शपथ. आठ-नऊ महिने मी शेवया नुसत्या सोयासॉस आणि आल्यावर खाल्ल्या. भजी पण घेत नव्हते, रताळ्याची असतात पण त्याच कढईत कोळंबी तळतात. ओबासानच्या लक्षात आलं. तिने मला विचारलं, तू देवळातली आहेस का. मी गळ्यातली माळ दाखवली, गुगल ट्रान्सलेट करून सांगितलं, तर ती म्हणाली आमच्याकडे बौद्ध मठातसुद्धा असंच जेवतात, आणि मग माझ्यासाठी समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या मशरूमचं पाणी वेगळ्या पातेलीत काढायला लागली. सत्तरीची बाई, दुपारी सव्वाशे गिऱ्हाइकं, आणि मधेच गॅसवर माझी एक पातेली. मलाच लाज वाटायला लागली, मी जायची वेळ बदलली, कधी डबा न्यायला लागले, तर ती ऑफिसातल्या पोरींना विचारायची ती भारतातली कुठंय.

फेब्रुवारीत मला ताप होता, तुम्हाला सांगितलं नाही, १०३. तिसऱ्या दिवशी ऑफिसातली एक मुलगी दारात, हातात फडक्यात बांधलेलं भांडं. ओबासानने पाठवलेलं. इथे आजारी माणसाला मऊ शिजवलेला उदोन देतात, आपण पेज देतो तसं. झाकण उघडलं आणि वासावरून कळलं की हे माझ्या पातेलीतलं नाही, घाईत तिने नळाचंच भरलंय. तिला सांगायची पण सोय नव्हती आणि मला उठवत नव्हतं. मी प्यायले. सगळं. तळाशी आल्याचा चोथा राहिला होता तो पण बोटाने काढून खाल्ला.

मग रविवारी बरं वाटल्यावर अंघोळ केली आणि माळ काढली. तुटली नाही, हरवली नाही, कुणी काढायला लावली नाही, मीच काढली. आईने दिलेल्या पितळी कुंकवाच्या डबीत आहे, विठोबाच्या फोटोपुढे, रोज दिवा लागतो. तेव्हापासून मी दाशी घालून उदोन खाते, आठवड्यातून तीन-चारदा. मासे खात नाही, मटण नाही, अंडंही नाही, फक्त ते पाणी. हे वाचताना बाबा तुम्ही कागद खाली ठेवाल हे मला माहितीये. ठेवा. मग परत उचला.

माळ ठेवून पण खाता आलं असतं, कोण बघतंय इथे. पण चंद्रभागेच्या वाळवंटात नानांनी मला खांद्यावरून उतरवून स्वतःच्या हाताने घातली तेव्हा सांगितलं होतं खोटं बोलशील तर गळ्याला टोचेल, आणि मला दीड वर्षात टोचून टोचून वळ यायची वेळ आली होती. तुम्ही म्हणाल मग खायचं सोडायचं, माळ कशाला सोडायची. बरोबर आहे. मी खूप विचार केला, खरंच केला. मी दिवसातले दहा तास ज्या लोकांबरोबर काढते ते सगळे दुपारी त्या पत्र्याखाली खांद्याला खांदा लावून बसतात, मला त्यांच्यात वेगळी पातेली होऊन राहायचं नव्हतं. आणि बाबा, तुम्हीच ना, बरडला त्या धनगराच्या आजीने पितळीत कसला तरी रस्सा दिला, कसला ते न विचारता प्यायलात, आणि मला म्हणालात वारीत दिलेलं नाकारायचं नसतं. ती आमटीच असेल. मी वकिली करतेय, कळतंय मला. वारी वेगळी, नोकरी वेगळी.

पण इथे पण वारी आहे, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पांढरे कपडे, डोक्यावर पसरट टोपी, हातात काठी, ८८ देवळं, साधारण १२०० किलोमीटर, या शिकोकु बेटाला पायी फेरा. कूकाई नावाचे साधू ७७४ साली इथेच झेंत्सुजीला जन्मले, त्यांच्या नावाने चालतात. चीनहून उदोन त्यांनीच आणला असं लोक सांगतात, पुरावा कुणाकडे नाही, पण आपल्याकडे तरी कुठे सगळ्याला पुरावा आहे. त्यांच्या कपड्यांवर लिहिलेलं असतं 'दोघं चालतोय', म्हणजे एकटा असलास तरी ते बरोबर आहेत. आणि रस्त्यावरचे लोक त्यांना संत्री देतात, चहा देतात, पैसे घेत नाहीत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथेच उभी राहिले, ऑफिसला उशीर झाला.

आता मुद्द्याचं. बाबा, यंदा लोणंदपासून चालायचं खूळ डोक्यातून काढा. आई मला फोनवर सांगत नाही पण दाद्या सांगतो, जिन्यावर कठडा धरून तुम्ही किती वेळ उभे राहता ते. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण गाडीतून जाऊन बघा, फलटणला मुक्कामाला माऊली आली की दर्शनाला रांगेत पहाटे उभं राहायचं नाही, गुडघ्याची पट्टी कपाटात ठेवायला आणलेली नाहीये. शुगर महिन्याला तपासा. इथे पण उदोन खाऊन खाऊन शुगर फार, चौथीतल्या पोरांचं रक्त तपासतात शाळेत, आणि सरकार सांगतं आधी भाज्या खा मग उदोन. तुम्ही पण कोशिंबीर आधी, पोळी नंतर, आणि आई तू त्यांना 'अर्धी' म्हणून दीड वाढू नकोस. तू स्वतः काय खातेस ते मला कधीच कळत नाही. बीपीची गोळी उपवासाला पण घ्यायची असते, देव काही म्हणत नाही.

ऑक्टोबरमध्ये दोघं या. तिकीट मी काढते. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही, टॉयलेट खुर्चीचं आहे आणि गरमसुद्धा होतं, बाबा उठणारच नाहीत. चहापत्ती, भाजणी, पोहे मी आणून ठेवीन. झेंत्सुजीला ट्रेनने नेईन, फेरा नाही तरी एक देऊळ होईल. ओबासानकडे पण नेईन, तुमच्या वाडग्यात नळाचं पाणी पडणार नाही, सोया, आलं, वर लिंबू, चातुर्मास म्हणून पात पण नको म्हणून सांगेन. २ जुलैला इथे उदोनचा सण असतो, लावणी संपली की शेतकरी नव्या गव्हाचा उदोन करून राबलेल्यांना घालायचे त्याचा. त्या दिवशी ती सगळ्यांना विचारते घरचे कसे आहेत. मी काय सांगू ते तुम्ही तोवर ठरवा.

माळेचं काय करायचं ते समोरासमोर बोलू. रागवा, काय बोलायचं ते बोला, फक्त नानांच्या वेळी झालं तसं अबोल्यावर जाऊ नका, अकरा वर्षं या घराने एकदा काढलीयेत.

रविवारी नेहमीच्या वेळेला कॉल करते, तुमचे सकाळचे नऊ. गळ्याला काही गुंडाळणार नाहीये. बाबा, समोर यायला नको वाटलं तर येऊ नका, पण खुर्चीत बसा, म्हणजे करकर तरी ऐकू येईल.

तुमची,
सोनी