बाबा, तो डाव का बंद केलात?

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून पत्र. आई, तू मोठ्यांदा वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही, तो फ्रिजवर असतो.

विषय गेल्या शनिवारचा. बाबा, तुम्ही ताट मांडीवर घेऊन 'बॉर्डर' शेवटपर्यंत पाहिलात, कितव्यांदा ते देवालाच ठाऊक. तो संपल्यावर मी जुगाराची एक मालिका लावली, तर पाचव्या मिनिटाला रिमोट तुमच्या हातात. "असली घाण घरात नको. लढाईचं बघा, चार चांगल्या गोष्टी तरी कळतात." मी गप्प बसले. आई माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधत होती, तिच्यासमोर वाद नको वाटला. पण एसटी मोहोळच्या पुढे जाईपर्यंत मनात तेच चालू होतं.

तुमच्या त्या सिनेमाबद्दल एक सांगते. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, राजस्थान सीमेवरचं लोंगेवाला ठाणं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे शंभर-सव्वाशे जवान, समोर पाकिस्तानचे रणगाडे, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेली हंटर विमानं. हे सगळं खरं. पण पडद्यावर एकामागून एक जवान पडतात तसं तिथे झालं नव्हतं. त्या ठाण्यावर आपली दोन माणसं गेली. आणि ज्या भैरोसिंगच्या मरणावर तुम्ही दरवेळी उपरण्याने डोळे पुसता ना, ते भैरोसिंग राठोड मेले नव्हते. सेना पदक मिळालं, घरी गेले, म्हातारे झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. सिनेमा १९९७ चा. म्हणजे तो लागला तेव्हा हा माणूस धडधाकट होता, आणि देशभर लोक त्याच्यासाठी रडत होते.

मला याचा राग येतो असं नाही. घरून येणाऱ्या पत्रांचं ते गाणं लागलं की माझाही घसा दाटतो, खोटं कशाला बोलू. पण वाचलेला माणूस सिनेमावाल्याला का पुरला नाही? लढाईनंतरची पन्नासेक वर्षं तो कसा जगला असेल, रात्री झोप लागत असेल का, लग्नकार्यात लोक त्याला त्या रात्रीबद्दल विचारून भंडावत असतील का. ते कुणी दाखवत नाही. सकाळ होते, झेंडा दिसतो, आपण चपला शोधायला लागतो.

त्यापेक्षा आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस बघा. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले, चौघे परत आले, कोटणीस तिकडेच डिसेंबर १९४२ मध्ये गेले. वय बत्तीस. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस स्वतःच रंगवले. नायकाच्या हातात बंदूक नाही, जखमी माणसं आहेत. माझ्या मते लढाईचा सिनेमा असा असावा. तुम्ही म्हणाल, तो डॉक्टरचा सिनेमा झाला. म्हणा.

आता जुगाराचं. बाबा, तुम्ही चॅनेल का बदललात ते मला कळतं. थोरले काका. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मटक्याचा आकडा लावायला सुरुवात केली की आधीपासूनच लावत होते, हे मला कधी नीट कळलं नाही. मला आठवतं ते भिंतीवरचं कॅलेंडर. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने ओपन आणि क्लोज, म्हणजे त्या दिवशी आलेले दोन आकडे, लिहिलेले. पंचांग बघावं तसे ते त्यात बघत बसायचे, मंगळवारी अमुक आला तर शुक्रवारी तमुक येणार, असं.

म्हणून माझी तक्रार तुमच्यापेक्षा वेगळी आहे. जुगाराचे सिनेमे घाण नसतात, फार स्वच्छ असतात. हिरवं टेबल, कोट घातलेली माणसं, शेवटच्या पानाला उलटणारा डाव. मटक्यावर बेतलेला सिनेमासुद्धा आपल्याकडे झाला, १९७५ चा 'धर्मात्मा'. त्यातलं प्रेमनाथचं पात्र मटका किंग रतन खत्रीवरून घेतलेलं. पण तिथेही दिसला तो राजा. काकांचा जुगार पानटपरीच्या मागे, बोटभर चिठ्ठीवर चालायचा. हरताना त्यांना बघायलाही कुणी नसायचं.

आणि जुगार तुम्हाला अजिबात चालत नाही, असंही नाही हं. दूरदर्शनवर रविवारी सकाळी महाभारत लागायचं तेव्हा द्यूताचा भाग तुम्ही हात जोडून, पूर्ण पाहिलात. मी शेजारीच बसले होते. वस्त्रहरण सगळ्यांना आठवतं. मला मात्र त्याच्या पुढचं सुटत नाही. धृतराष्ट्राने हरलेलं सगळं परत दिलं. पांडव घरच्या वाटेला लागले. मागून पुन्हा बोलावणं आलं, आणि धर्मराज परत फिरला. पुन्हा बसला! शकुनी काय करतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास त्या दुसऱ्या डावाने दिला. मी पाहिलेल्या एकाही जुगाराच्या सिनेमात हा दुसरा डाव नाही. तिथे एक मोठी बाजी असते, हरला की संपला, जिंकला की संपला.

आईच्या पाटल्या गहाण ठेवून तुम्ही काकांचं देणं फेडलंत, त्यानंतरच्या सोमवारी ते पुन्हा टपरीवर गेले होते. हे मला तुम्ही नाही, काकूने सांगितलं, तेही गेल्या वर्षी. आई, तू तर कधी चकार शब्द काढला नाहीस. पाटल्या परत आल्या का गं? तुझ्या हातात मी त्या कधी पाहिल्या नाहीत.

मी लावलेल्या मालिकेत पुढे एक बाई आहे. नवऱ्याने विकलेल्या वस्तूंची यादी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. फारशी चांगली मालिका नाही, संवाद रटाळ आहेत. पण त्या वहीसाठी मला ती तुमच्याबरोबर बघायची होती.

पाणी कितव्या दिवशी येतंय आता? टाकी भरायला बाबांना वर चढू देऊ नकोस, शेजारच्या पोराला सांग. बीपीच्या गोळ्या संपायच्या आत कळवा.

आणि बाबा, काकांचं सामान आपल्या माळ्यावर आणून ठेवलंय, त्यात ती कॅलेंडरं असतील तर रद्दीत घालू नका. गड्ड्याच्या जत्रेला येईन तेव्हा मला बघायची आहेत.

तुमची,
मनू