चेंगडूच्या आठ जणी आणि आपली खतावणी

सांगली,
कोजागरी पौर्णिमा, १६ ऑक्टोबर २०२४

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींसमोर हे नाव घेतलेले तुला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र तू खोलीत एकटीच वाचशील असे धरून चालतो.

परवा रात्री तू फोनवर म्हणालीस, "बाबा, त्या आठांत मी कधीच येणार नाही," आणि मी घाईघाईने "येशील, येशील" म्हणून फोन आईच्या हातात दिला. पात्रता फेरीचे सामने जिंकून मुख्य ड्रॉच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलीला बापाने दुसरे काय सांगायचे असते, असे त्या वेळी वाटले. नंतर मात्र रात्रभर झोप लागली नाही. गेली तीस वर्षे मी हळदीच्या अडत दुकानात खतावणी लिहीत आलो आहे. उचल, हमाली आणि तोलाई वजा जाता हातात किती पडेल, हे मी समोर बसलेल्या शेतकऱ्याला कधी फुगवून सांगितले नाही. तुला मात्र दोन वर्षे फुगवून सांगत आलो. हे तोंडाने बोलणे मला जमले नसते, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या टेबलावरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर "चेंगडू" एवढा एकच शब्द आहे. पुढच्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, चीनमधल्या त्या शहरात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची ज्युनिअर फायनल्स सुरू होईल. जगभरातल्या ज्युनिअर क्रमवारीतले अव्वल आठ मुलगे आणि अव्वल आठ मुली. चौघींचा एक असे दोन गट. गटात प्रत्येकीला तीन सामने. आणि गटातल्या पहिल्या दोघी उपांत्य फेरीत. ही सगळी रचना तुला माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, ती ही की तिथे पहिला सामना हरलेली मुलगी लगेच बॅग भरत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टवर उतरते. तू ज्या स्पर्धा खेळतेस त्यांत एकेरीचा एक सामना हरला की परतीचे तिकीट काढावे लागते, आणि पुष्कळदा ते आधीच काढलेल्या तिकिटाची तारीख बदलून काढावे लागते. ज्यांना हरण्याची सवय सर्वांत कमी, त्यांनाच हरल्यावर पुन्हा खेळण्याची सोय आहे, हे मला थोडे उफराटे वाटते. पण तो माझा जुना अडतदारी हिशेबीपणा असेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या आठ जणी कशा ठरतात, हे आपण तिघांनी कधी नीट मांडून पाहिले नाही. गेल्या रविवारी मी ते खतावणीच्या वहीत मांडले. क्रमवारीसाठी एकेरीतल्या सर्वोत्तम सहा स्पर्धांचे गुण धरतात आणि दुहेरीतल्या सर्वोत्तम सहांचे एक चतुर्थांश गुण त्यांत मिळवतात. तू आणि तुझ्या मैत्रिणी ज्या जे ३०, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाच्या, ज्युनिअर स्पर्धा खेळता, त्यांच्या विजेतीला ३० गुण मिळतात. समजा, तू अशा सहा स्पर्धा जिंकलीस, म्हणजे एका हंगामात सहा वेळा अंतिम सामना जिंकलीस, तर एकेरीचे तुझे गुण १८० होतील. सातवी जिंकलीस तरी ते १८०च राहतील. जे २०० दर्जाची एकच स्पर्धा जिंकणारी मुलगी त्या एका आठवड्यात तुझ्या पुढे असेल. आणि ग्रँड स्लॅमच्या ज्युनिअर विजेतीला १,००० गुण आहेत. म्हणजे लहान स्पर्धा कितीही जिंकल्या तरी त्यांच्या बेरजेने चेंगडूला पोहोचता येत नाही. तिथे जाण्यासाठी जे ३०० आणि जे ५०० दर्जाच्या स्पर्धांत आणि मेलबर्न, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क या ग्रँड स्लॅमच्या चार ठिकाणी खेळावेच लागते. त्या स्पर्धांत प्रवेश मिळायला आधी क्रमवारी वर हवी, क्रमवारी वर जायला त्या स्पर्धा हव्यात, आणि या चक्राला जी पहिली ढकल द्यावी लागते ती पैशाची असते.

तुझा बॅकहँड कच्चा आहे म्हणून तू त्या आठांत नाहीस, असे तू मानतेस. बॅकहँड कच्चा आहे, हे खरेच आहे. तुझे प्रशिक्षक सांगतात, आणि मला टेनिस फारसे न कळूनही ते दिसते. पण तुझ्या आणि त्या आठ जणींच्या मधल्या अंतराचा मोठा भाग बॅकहँडचा नाही. विमानाचे तिकीट, व्हिसा, प्रशिक्षकांचा सोबतचा खर्च असे धरले तर परदेशातल्या एका स्पर्धेला माझा चार महिन्यांचा पगार लागतो, आणि अशा आठवड्यांची संख्या वर्षात पंधरा-वीस तरी असावी लागते. हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवे होते. त्या वेळी एका गृहस्थांनी आपल्याला समोर बसवून कागदावर एक चढती रेघ काढून दाखवली होती आणि सोळाव्या वर्षी तू पहिल्या शंभरात असशील असे सांगितले होते. मी हिशेबनीस माणूस असून त्या रेघेखाली खर्चाचा एकही आकडा नाही हे मला दिसले नाही, की मी पाहायचे टाळले, हे आता माझे मलाच ठरवता येत नाही.

आणखी एक सांगायचे राहिले आहे. जुन्या घरामागची तीन गुंठे जागा रस्त्यात गेली, असे मी तुला सांगितले होते. ती रस्त्यात गेली नाही, शेजाऱ्यांना विकली. गेल्या वर्षीचा तुझा थायलंडचा दौरा आणि वसतिगृहाचे शुल्क त्यातून झाले. याबद्दल तुझ्या मनावर ओझे यावे म्हणून हे लिहीत नाही. जागा विकण्याचा निर्णय आमचा दोघांचा होता आणि आजही तो चुकला असे आईला वाटत नाही; मलाही बहुतेक दिवस वाटत नाही. पण पुढे विकण्यासारखी दुसरी जागा नाही, ही गोष्ट तुला ठाऊक नसताना तू पुढच्या हंगामाची स्वप्ने आखावीस, हे बरोबर नाही.

मग त्या आठांत गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे मी शोधू लागलो, आणि त्यात बराच रमलो. चेंगडूची पहिली स्पर्धा २०१५ साली झाली आणि मुलांत आंद्रेय रुबलेव जिंकला. तो पुढे जगातल्या पहिल्या पाचांत गेला, यंदा माद्रिदची मोठी स्पर्धा जिंकला. तरीही ग्रँड स्लॅमची उपांत्यपूर्व फेरी त्याने आजवर दहा वेळा गाठली आहे आणि दहाही वेळा तो तिथेच थांबला आहे. २०१९ साली मुलींत डियान पारी आणि मुलांत हॅरॉल्ड मायो हे दोन फ्रेंच खेळाडू जिंकले. पारी एकहाती बॅकहँड मारते, तुला ती आवडते. २०२२ साली तिने पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनला, आदल्या वर्षीच्या विजेत्या बार्बोरा क्रेजिकोवाला पहिल्याच फेरीत हरवले, तेव्हा पहिला सेट १–६ असा गमावला होता. मायोने चेंगडूनंतर तीन महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनचे ज्युनिअर विजेतेपदही मिळवले, पण त्यानंतरची त्याची वर्षे बहुतेक चॅलेंजर, म्हणजे दुय्यम दर्जाच्या, स्पर्धांतच गेली आहेत. एकाच आठवड्यात, एकाच गावात जिंकलेल्या दोघांची ही गोष्ट आहे. त्यानंतर २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे महामारीमुळे ती स्पर्धा झालीच नाही. त्या तीन वर्षांत अठराव्या वर्षात असलेल्या मुलामुलींना चेंगडू मिळालेच नाही, आणि त्यांच्यापैकी जे पुढे गेले ते त्याविनाच गेले.

पण मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते आपल्या युकी भांबरीने. चेंगडूची स्पर्धा नव्हती तेव्हा ज्युनिअर हंगामाचा शेवट डिसेंबरात फ्लोरिडातल्या ऑरेंज बोल स्पर्धेने होत असे. विजेत्याला संत्र्यांनी भरलेले काचेचे भांडे देतात. १९९८ साली ते भांडे रॉजर फेडररने उचलले होते आणि त्या विजयाने तो ज्युनिअरांत वर्षअखेरीचा पहिला ठरला होता. दहा वर्षांनी, २००८ साली, तेच भांडे सोळा वर्षांच्या भांबरीने उचलले. पुढच्याच महिन्यात तो ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता झाला आणि ज्युनिअर क्रमवारीत पहिला आला. त्यानंतर दुखापतींनी त्याची कित्येक वर्षे खाल्ली. एकेरीत त्याची सर्वांत वरची जागा ८३वी, तीही २०१८ साली. मग तो दुहेरीकडे वळला. आणि गेल्या महिन्यात, सप्टेंबर २०२४ मध्ये, ऑलिवेत्ती या फ्रेंच जोडीदाराबरोबर तो वरिष्ठ पुरुष व्यावसायिकांच्या एटीपी स्पर्धेच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात खेळला, तेही चेंगडूमध्येच. तो सामना ते निर्णायक टायब्रेकमध्ये हरले. त्याची बातमी दोन ओळींची होती. तुझ्या भिंतीवर ज्या गावाचे नाव आहे, तिथे बत्तीस वर्षांचा एक भारतीय खेळाडू सोळा वर्षांच्या खटपटीनंतर दुहेरीच्या दाराने पोहोचला होता, आणि तुझे माझे दोघांचेही तिकडे लक्ष नव्हते.

हे वाचून, "म्हणजे बाबांना मी दुहेरी खेळावी असे वाटते," असा निष्कर्ष तू काढशील. माझ्या बोलण्यातून हवा तेवढाच अर्थ काढण्याची तुझी सवय जुनी आहे. खरे म्हणजे मला तसे थोडे वाटतेही. नेटजवळ तू जितकी निर्धास्त असतेस तितकी बेसलाइनवर कधी नसतेस, आणि आठ महिन्यांत तू तीन जोडीदार बदललेस, हे मला पटलेले नाही.

तुझ्याकडे ज्युनिअरचे दोन पूर्ण हंगाम आहेत; अठरावे संपेल त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत तुला खेळता येईल. आमच्याकडे दीड हंगामाचे पैसे आहेत, तेही देशातल्या आणि जवळपासच्या स्पर्धांपुरते. यातून मला तीन वाटा दिसतात. पहिली, आहे त्या पैशांत जे ६० आणि जे १०० स्पर्धा निवडून खेळायच्या आणि क्रमवारी जिथवर जाईल तिथवर नेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा. त्यासाठी बारावीचे गुण आणि इंग्रजी दोन्ही लागतील, आणि पहिल्या सहामाहीत तुला अर्थशास्त्रात मिळालेले गुण मी इथे लिहीत नाही. दुसरी, ज्युनिअरचा नाद कमी करून आपल्या देशात होणाऱ्या महिलांच्या डब्ल्यू १५, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाच्या व्यावसायिक, स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या खेळायच्या. तीन स्पर्धांत गुण मिळाले किंवा एकूण १० गुण झाले की महिलांच्या जागतिक क्रमवारीत नाव लागते. तिथे तू पंचवीस वर्षांच्या बायकांकडून मार खाशील, पण तो मार ज्युनिअरच्या विजेतेपदापेक्षा अधिक उपयोगाचा असेल, असे तुझ्या प्रशिक्षकांचे मत आहे. तिसरी वाट म्हणजे भिंतीवरचा कागद तसाच ठेवायचा आणि कुणी पुरस्कर्ता मिळतो का हे पाहायचे. त्यासाठी मी चार जणांना भेटलो. दोघांनी चहा पाजला, एकाने तुझा फोटो मागितला आणि पुन्हा फोन उचलला नाही, चौथ्यांनी मार्चनंतर या म्हणून सांगितले आहे. मार्चनंतर मी जाईन, पण त्या भरवशावर जानेवारी आखता येणार नाही.

माझे मत पहिल्या वाटेकडे झुकते, आईचे दुसऱ्या. यावरून कालच आमचे वाजले आहे. तुझे मत आम्हा दोघांनाही ठाऊक नाही, कारण आजवर "चेंगडू" या एका शब्दापलीकडे आम्ही तुला कधी विचारलेच नाही.

अभ्यास आणि सराव सांभाळून पुढच्या आठवड्यात तिथले सामने जरूर पाहा. मीही जमेल तसे पाहीन, मात्र कोण जिंकते याऐवजी दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष देणार आहे. गटातले पहिले दोन्ही सामने हरलेली एखादी मुलगी असेल, तिचा तिसरा सामना मला पाहायचा आहे. उपांत्य फेरी हातची गेल्यावर ती सर्व्हिसच्या आधी चेंडू किती वेळा आपटते आणि पंचांकडे कशी पाहते, हे तूही पाहून ठेव.

त्या गावाविषयी वाचताना एक गंमत कळली. ते ज्या सिच्वान प्रांतात आहे तिथे आकाश इतके ढगाळलेले असते की, तिकडे सूर्य दिसला तर कुत्री भुंकतात, अशी चिनी लोकांत जुनी म्हण आहे. आज इथे कोजागरीचे दूध आटते आहे आणि चांदणे असे पडले आहे की, गच्चीवर दिव्याशिवाय मी हे पत्र जवळजवळ पूर्ण केले.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी पुण्याला येतो. हिशेबाची वही बरोबर आणतो, सगळी पाने तुला पाहता येतील. जानेवारी ते जूनची पाने कोरी ठेवली आहेत. येताना तुझ्या दुसऱ्या रॅकेटचे गटिंग (तारा बसवणे) करायचे आहे की दिवाळीनंतर केले तरी चालेल, तेवढे आईला कळव. डाव्या टाचेला तू अजून पट्टी बांधतेस का, हेही सांग. फोनवर तू ते टाळलेस.

तुझे,
बाबा