ओटा ३२ इंचांचा ठरला होता

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय: मंजूर ड्रॉइंगपेक्षा वेगळं किचन बसवणं आणि वर त्याला 'टेस्टचा प्रश्न' म्हणणं

महोदय,

गुरुवारी दुपारी तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी माझं जे बोलणं झालं, ते फोनवरचं शेवटचं. यापुढे जे काही असेल ते लेखी. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण किचन विकताना तुमचा माणूस माझ्या सासूबाईंशी अगदी अस्खलित मराठी बोलत होता. तक्रार केली की मगच तुमच्याकडे सगळ्यांना इंग्रजी सुचतं.

हॉब काय, चिमणी काय, हँडललेस ड्रॉवर काय, हे समजावत बसत नाही. माल तुमचा आहे. ड्रॉइंगही तुमच्याकडे आहे, प्रत्येक पानावर माझी आणि तुमच्या डिझायनरची सही आहे. माझी सगळी नोकरी बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. न वाचता सही करण्याची सवय मला नाही. तुमच्याकडे ती दिसते.

तुमच्या लोकांचा समज असा दिसतो, की मला रंग आवडला नाही म्हणून मी कुरकुर करते आहे. म्हणून त्या ड्रॉइंगमागचं थोडं सांगते. किचनवरून आमच्या घरात एकमत कधीच नव्हतं. सुनेला सगळं पांढरं हवं होतं, मधोमध आयलंड, उंच स्टुलं, वर लोंबते दिवे, आणि कुठे एक मूठ दिसायला नको. सासूबाईंना काळा ग्रॅनाइट हवा होता आणि डबे हाताशी. मुलाला कॉफी मशीनची जागा सोडली तर कशाशीच देणंघेणं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की कांदा-खोबरं भाजलं तर धूर घराबाहेर जावा. यावर आमचे कितीतरी रविवार गेले, एकदोनदा आवाजही चढले. शेवटी तह झाला. आयलंड सुनेच्या मनासारखं: पांढरं क्वार्ट्झ, ३६ इंच उंच. भिंतीलगतचा ओटा, जिथे रोजचा स्वयंपाक व्हायचा, तो काळ्या ग्रॅनाइटचा, ३२ इंच उंच, खालच्या ड्रॉवरना पितळी मुठी. चिमणीला ६ इंची डक्ट, ड्राय बाल्कनीच्या भिंतीतून थेट बाहेर. तुमच्या डिझायनरने हे सगळं लिहून घेतलं, मान डोलावली, "ब्यूटिफुल कॉन्ट्रास्ट" असंही म्हणाली. मग १८ लाख ४० हजार रुपये घेतलेत.

आम्ही गावाला असताना तुम्ही काम उरकलंत. परत येऊन बघतो तर सगळं पांढरं. भिंतीलगतचा ओटाही पांढरा, तोही ३६ इंच उंच. मुठी एकही नाही. आणि डक्टसाठी भिंतीला भोकच पाडलेलं नाही. विचारल्यावर डिझायनर म्हणाली, "दोन स्टोन शेजारी आले की व्हिज्युअल लाइन तुटते, म्हणून आम्ही हार्मोनाइज केलं." आमच्या घरातल्या चार माणसांना जो तह करायला महिने लागले, तो तुम्ही परस्पर हार्मोनाइज केलात. न विचारता, न कळवता. एक फोन नाही.

आता एकेक. सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच. ३६ इंचांच्या ओट्यावर पोळपाट ठेवला की त्यांचे खांदे कानाला लागतात. म्हणून तर ३२ लिहिलं होतं. तुमच्या डिझायनरने त्यांना भिंतीशी उभं करून कोपरापर्यंत माप घेतलं होतं, ते काय फोटो काढण्यासाठी? सध्या त्या जेवायला बसायचा लाकडी पाट ओट्यापुढे ठेवून त्यावर उभ्या राहतात आणि पोळ्या लाटतात. ८१ वर्षांची बाई, अठरा लाखांच्या किचनमध्ये, पाटावर. पडल्या तर तुमची वॉरंटी त्यात काय काय धरते ते कळवा.

क्वार्ट्झचं. त्यात रेझिन असतं आणि ते उष्णतेला दबकतं, हे मला तुमच्याच वॉरंटी कार्डच्या बारीक टाइपातून कळलं. १५० अंशांच्या वर काही ठेवू नका म्हणता. फोडणीचं तेल त्याच्या पुढे जातं, भाकरीचा तवा तर विचारूच नका. म्हणजे हॉबच्या शेजारी कढई उतरवून ठेवायची नाही. मग कुठे, हातात धरून उभं राहायचं? तवा ठेवला तिथे एक तपकिरी वर्तुळ उमटलं आहे. मसाल्याच्या डब्याजवळ हळदीचा पिवळा पट्टा आहे, सोडा लावला, लिंबू लावलं, तुम्ही दिलेलं महागडं लिक्विड लावलं, जात नाही. तुमचा टेक्निशियन बघून गेला. म्हणाला, "हळदीचा डाग उन्हाने जातो." हे मला ठाऊक आहे, साड्यांवरचे डाग मी असेच घालवले आहेत. पण ओटा दोरीवर कसा वाळत घालायचा, तेवढं तो सांगून गेला नाही. ग्रॅनाइट असता तर हे परिच्छेद लिहायची वेळच आली नसती.

मुठी नाहीत, त्याजागी ती खाच आहे. कणकेचे हात असलेल्या माणसाने ड्रॉवर कसा उघडायचा? खाचेत बोटं घालून. मग कणीक खाचेत. फोडणीची मोहरी उडते, ती खाचेत. आमच्या स्वयंपाकाच्या ताई रोज दुपारी काडेपेटीची काडी घेऊन त्या खाचेतून मोहऱ्या टिपत बसतात. त्यांनी परवा पगार वाढवून मागितला आणि मी नाही म्हणू शकले नाही. तो फरक मी तुमच्याकडून मागू का?

चिमणी. डक्ट नाही, तर चारकोल फिल्टर. हवा ओढायची, कोळशातून गाळायची आणि पुन्हा आमच्याच तोंडावर सोडायची. वास थोडाफार अडतो. उष्णता नाही अडत, वाफ नाही अडत, आणि सुकट भाजली त्या दिवशी हॉलमधल्या पडद्यांनी आठवडाभर साक्ष दिली. आयलंडवर बसून कॉफी पिणारी सून आता कॉफी बेडरूममध्ये नेते. म्हणजे जिच्या आवडीचं किचन तुम्ही केलंत, तिलाही ते नको झालं आहे. फिल्टर दर काही महिन्यांनी बदलायचा, तो वार्षिक देखभालीत धरलेला नाही, हेही आता कळतं आहे.

खोटं बोलणार नाही. कॅबिनेटचा प्लाय ठरल्याप्रमाणे आहे, सिंकखाली वाकून मी त्यावरचा आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का बघितला. ड्रॉवर आवाज न करता मिटतात. सुतार मंडळी सभ्य होती, त्यांना बिचाऱ्यांना जो कागद दिला त्याप्रमाणे त्यांनी केलं. तो कागद कोणता होता आणि माझ्या सहीचा का नव्हता, हा माझा प्रश्न आहे.

आता गुरुवार. तुमचे विभागप्रमुख लाइनवर आले. फोन स्पीकरवर होता, शेजारी सासूबाई लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, शांतपणे, वर लिहिलंय त्यापेक्षाही शांतपणे. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही घेतलेली रेंज प्रीमियम आहे. या रेंजचे क्लायंट सहसा मेन किचनमध्ये हेवी कुकिंग करत नाहीत."

मी विचारलं, हेवी म्हणजे काय?

"तडका, फ्राइंग, रोटी वगैरे."

मग उरलं काय?

"लाइट प्रेप, मॅडम. ब्रेकफास्ट, सॅलड, कॉफी."

आणि मग ही माणसं जेवतात कुठे?

"त्यांचं बॅक किचन असतं. तिथे कुक असतो. तुम्हीपण ड्राय बाल्कनीत एक छोटा ओटा करून घ्या ना. आमच्या इकॉनॉमी रेंजमध्ये ब्लॅक ग्रॅनाइट आहे. टेन पर्सेंट मी तुम्हाला सोडवून देतो."

मी काही क्षण बोललेच नाही. जो काळा ग्रॅनाइट माझ्या सहीच्या ड्रॉइंगमध्ये आहे, ज्याचे पैसे तुमच्याकडे जमा आहेत, तोच मला परत विकायला काढला होता, सवलतीत, वॉशिंग मशीन आणि तुळशीच्या मधल्या फटीत. मी गप्प आहे हे बघून त्यांना बहुधा वाटलं की पटतंय. तर पुढे म्हणाले, "अ‍ॅट द एंड ऑफ द डे, मॅडम, इट्स अ मॅटर ऑफ टेस्ट. अशा किचनची टेस्ट डेव्हलप व्हायला थोडा वेळ लागतो."

सासूबाईंना इंग्रजी कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल. लसणाची पाकळी ताटलीत टाकून त्या म्हणाल्या, "त्याला विचार, त्याची आई पोळ्या कुठे लाटते." ते विभागप्रमुखांनी ऐकलं. उत्तर आलं, "मॅडम, प्लीज पर्सनल होऊ नका."

पर्सनल! आमच्या घरात येऊन, आमच्या पैशाने, आमच्या जेवणाला मागच्या बाल्कनीची जागा दाखवायची, हे धोरण. आणि आई विचारली की ते पर्सनल. हे संभाषण तुमच्याकडे 'क्वालिटी आणि ट्रेनिंगसाठी' रेकॉर्ड झालेलं आहे, तुमचंच यंत्र सुरुवातीला तसं म्हणतं. ट्रेनिंगला अवश्य वापरा.

तुमच्या शोरूममध्ये शिरल्याशिरल्या डाव्या भिंतीवर १९२६ च्या फ्रँकफर्ट किचनचा मोठा फोटो आहे. तो तिथे का लावला आहे याची तुमच्यापैकी कोणी चौकशी केली आहे का? मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी ते फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी केलं, तशी सुमारे १० हजार किचन बसवली गेली. खोली जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची. त्यांनी बायकांच्या कामाच्या हालचाली मोजल्या, वेळ मोजला, आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं किचन अभ्यासलं. पिठाचा कप्पा ओकच्या लाकडाचा केला, का, तर पिठात अळ्या होऊ नयेत. आणि गंमत म्हणजे, तोवर आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं त्या बाईंनीच नंतर सांगितलं आहे. तुमच्या डिझायनरनेही केला नसावा. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण पीठ कुठे राहील याचा विचार आधी झाला, भिंत सुंदर दिसेल का याचा नंतर. तुम्ही युरोपच्या नावाने पैसे घेता आणि युरोपातून फक्त पांढरा रंग आणता.

मी चिडून लिहिते आहे हे मला दिसतंय. पण मूळ मुद्दा अजिबात चिडका नाही. पांढरं की काळं हा आवडीचा प्रश्न होता, तो आमच्या घरात, आमच्यात सुटला होता. ओटा ३२ ऐवजी ३६ इंचांचा बसवणं हा आवडीचा प्रश्न नाही. तो ३२ चा ठरला होता. लिहिला होता. सही होती.

तर मागणी अशी: भिंतीलगतचा ओटा उतरवून ड्रॉइंगप्रमाणे काळ्या ग्रॅनाइटचा, ३२ इंचांवर बसवून द्या. त्यासाठी खालची कॅबिनेट कापावी लागतील की नवी करावी लागतील, ते तुमचं तुम्ही बघा. पितळी मुठी लावा. डक्ट बाहेर काढा. हे सगळं तुमच्या खर्चाने, आणि काम चालू असताना आमच्या जेवणाचा खर्चही तुमचा. लेखी उत्तर १५ दिवसांत.

नाही आलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३५ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्ही लावीन. १० ते २० लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये आहे, तुमच्या एका चारकोल फिल्टरपेक्षा कमी. मी निवृत्त आहे, कागद माझ्याकडे तारीखवार लावलेले आहेत, आणि तारखांना हजर राहायला मला कंटाळा येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद आधीच केली आहे. आमच्या सोसायटीत तुमचं कोटेशन घेतलेली आणखी दोन घरं आहेत. दोन्ही घरच्या बायका पाटावर उभ्या राहिलेल्या सासूबाईंना बघून गेल्या. त्यांनी काय ठरवलं, ते तुमच्या सेल्सवाल्याला लवकरच कळेल.

वाईट याचं वाटतं की तुमचं नाव मीच सुचवलं होतं. मुलगा दुसऱ्या कंपनीकडे चालला होता.

एक ग्राहक
बाणेर, पुणे

सोबत: मंजूर ड्रॉइंगची प्रत (सर्व पानं), पावत्या, ओट्याचे मोजपट्टीसकट फोटो.

ता.क. माप घ्यायला माणूस पाठवाल तेव्हा मोजपट्टी देऊन पाठवा. मागच्या वेळी त्याने आमची वापरली आणि जाताना घेऊन गेला. तीही परत हवी आहे.