मुळशी हरली, पण का हरली?

पुणे

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "मुळशीवाले शेवटी हरलेच ना? धरण झालंच. मग शंभर वर्षं कौतुक कसलं?" तुझी रेंज गेली आणि माझं डोकं तापलं, म्हणून आता कागदावर भांडतो.

हरले, कबूल. टाटांच्या वीज कंपनीला नीला-मुळेच्या संगमावर धरण बांधायचं होतं. मुंबईला, तिथल्या गिरण्यांना वीज हवी होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून जास्त मावळे, म्हणजे मावळातले शेतकरी, धरणाच्या कामावर सत्याग्रहाला जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. आंबेमोहर पिकवणारी खाचरं होती ती, कुणी सुखासुखी सोडेल? पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. पुढे सगळं फसत चाललेलं पाहून १९२४मध्ये त्यांनी रेल्वे अडवली, हातात पिस्तूल घेऊन. सात वर्षं तुरुंग.

आणि पाणी? ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं कोकणात उतरवलं. १९२७मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली. तुम्ही ऑफिसवाले कोलाडला राफ्टिंगला गेला होतात ना, कुंडलिकेत? धरणातून पाणी सुटेल तेव्हाच होड्या निघतात, आठवतंय? ते पाणी मुळशीचं. एरवी मुळा-मुठा, भीमा असं करत ते उजनीकडे, तुझ्या सोलापूरकडे आलं असतं!

पण माझा मुद्दा धरणाचा नाही. मुळशी फक्त पोलिसांच्या लाठीनं हरली नाही. बऱ्याचशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. नांगर मावळ्याचा, कागद सावकाराचा. तेव्हाचा १८९४चा भूसंपादन कायदा कागदावरचं नाव बघायचा, आणि त्या नावाला चांगला मोबदला मिळाला की त्याचा सत्याग्रह संपायचा. तसंच झालं. सावकारांनी पैसे घेतले आणि कसणारा एकटा पडला. आपण शाळेत सेनापतींचं शौर्य शिकलो, ही फूट मात्र कुणी शिकवली नाही. (आपल्याच पेठांतले सावकार, शिकवणार तरी कोण?)

म्हणून मला मेंढा-लेखा मोठं वाटतं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटंसं गाव. त्यांचीही सुरुवात धरणापासूनच. १९८०च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनम ही धरणं येणार होती, जंगल बुडणार होतं. लोक उठले, धरणं बारगळली. पण हे गाव तिथं थांबलं नाही. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणायला सुरुवात केली. म्हणायला सोपं आहे रे! २००६चा वनहक्क कायदा आल्यावर त्यांनी दावा लावला, आणि २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क पदरात पाडून घेतला. तरी त्या जंगलातला बांबू विकायला बाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. तो २०११मध्ये मिळाला, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा.

मग २०१३मध्ये त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात धाडसी वाटतं. ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांनी आपापली शेतं ग्रामसभेच्या नावावर केली. कसायचं ज्याचं त्यानं, पण एकेकट्याला गाठून, पैसे दाखवून जमीन काढून घेण्याची वाटच बंद. मुळशीत जिथं भोक पडलं होतं, नेमकं तिथंच यांनी बूच मारलं.

तू म्हणशील, एका गावानं काय होतं? बरोबर आहे. त्याच जिल्ह्यात, एटापल्लीकडे, सुरजागडचा डोंगर लोखंडासाठी खणला जातोय. माडिया लोकांचा ठाकूरदेव त्या डोंगरावर आहे, ग्रामसभांनी विरोध केला, तरी ट्रक चालूच आहेत. तिथं कंपनीमागे सरकार उभं आहे, आणि ग्रामसभेचा ठराव कुणी गंभीरपणे वाचत नाही. कागद नावावर असला की भागतं असं मी म्हणतच नाही. पण तो नसला तर काय होतं, ते मुळशीनं दाखवलंय.

दिवाळीनंतर धानोऱ्याला जायचं म्हणतोय. येतोस? नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. तिथं तुला भांडायला माणसंही मिळतील, आणि मेंढ्याची माणसं एकमत झाल्याशिवाय निर्णय करत नाहीत, तेव्हा रजा जरा जास्तच टाक. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू