आमच्या सीआरपी ताईंना, चारचौघांत

आदरणीय ताई,

सीआरपी म्हणजे गावातल्या बचतगटांना हाताशी धरून चालवणारी गावातलीच कार्यकर्ती, आणि आमच्यासाठी तुम्ही. हे पत्र पाहून तुम्ही म्हणाल, "आभार काहून मानता रे पोट्टेहो?" म्हणा. पण बचतगटाच्या हिशेबाचं आपलं ॲप काल प्ले स्टोअरवर आलं, आणि त्यात तुमचं नाव कुठंच नाही. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितो.

घाटंजी तालुक्यात बसून सॉफ्टवेअर करतो म्हटल्यावर आमच्या वाट्याला काय काय आलं, ते तुम्हाला माहीत आहे. शहरातल्या एका मार्गदर्शक साहेबांनी सांगितलं, चॅटबॉट टाका, गुंतवणूकदारांना दाखवायला डॅशबोर्ड करा, मग बघू. गटाची वही आम्ही सोबत नेली होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पुढं गूगलचा नियम आडवा आला. नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुलं करायचं तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. "तुमच्यासाठी कायपण" म्हणणारे कॉलेजचे मित्र, नातेवाईक, सगळे हौसेनं आले आणि एकेक करत गळाले. त्यांचा राग अजून गेलेला नाही.

मग तुम्ही गटातल्या बायांना समाजमंदिरात बोलावलं. ऐन कापूस वेचणीचे दिवस. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे इथं बसलेला प्रत्येक तास त्यांच्या खिशातून जाणारा. तरी आल्या.

तुमच्या फोनवर ॲप उतरेना. जागा शिल्लक नाही, असं स्क्रीनवर आलं. "जागा नाही म्हनते का ह्यो? थांब बाबू, करतो मोकळी," म्हणत तुम्ही नातवाच्या बारशाचे व्हिडिओ उघडले आणि एकेक पुसायला लागलात. बोंडांनी ओरखडलेला अंगठा, तडा गेलेली काच, आणि पाळण्याचं ते चित्र क्षणभर दिसून गायब होणारं. "राहू द्या ताई, दुसऱ्या फोनवर पाहू," असं आम्ही म्हणेपर्यंत निम्मे गेलेही होते. "पोराच्या फोनात हायेत ना," म्हणालात. पोरगा पुण्याला.

ताई, त्या रात्री आम्ही तिघं जेवलो नाही. रंगीत आलेख, चित्रं, उघडताना फिरणारं ते चक्र, सगळं ॲपमधून काढून टाकलं. बचत, कर्ज, परतफेड, दंड एवढंच ठेवलं. नोंद आधी फोनमध्येच साठेल आणि रेंज मिळाली की वर जाईल, हेही तेव्हाच ठरलं. कुठलं फीचर ठेवायचं, कुठलं नाही, यावर आमच्यात महिनोन्महिने वाद चालले होते. ते एका रात्रीत मिटले. कुणीतरी आपल्या फोनमधलं काय पुसून आपल्याला जागा देतंय, हे डोळ्यांनी पाहिल्यावर वाद घालायची लाजच वाटते.

वहीचं तर वेगळंच सांगायला हवं. चुकलेला आकडा तुम्ही कधी गिरवत नाही, खोडरबर लावत नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला सचिवाची सही. "पैशाची गोठ हाय, काय चुकलं थे बी दिसलं पायजे," हे तुमचे शब्द. आमच्या ॲपमध्ये नोंद पुसायचं बटण होतं, ते गेलं. आता चुकीची नोंद तशीच राहते आणि खाली दुरुस्तीची वेगळी नोंद होते, कुणी केली त्या नावासह. बँकांचे हिशेब याच रीतीनं चालतात, पण आम्ही ते समाजमंदिराच्या सतरंजीवर शिकलो.

१४ दिवस एकीनंही ॲप काढलं नाही. बचतगट बँकेशी जोडायचं काम नाबार्डनं १९९२ मध्ये सुरू केलं. तेव्हापासून गावोगावच्या बाया एकमेकींच्या शब्दावर पैसे ठेवत आल्या आहेत. आमच्यासारख्या उपऱ्या पोरांनाही त्यांनी तोच विश्वास दिला. बदल्यात काही मागितलं नाही, उलट चहा पाजला. अशी माणसं आसपास असताना आम्ही शहरातल्या साहेबांच्या मेलची वाट पाहत बसलो होतो!

वही इतक्यात बंद करायची नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. वही आणि ॲप दोन्हींचे आकडे वर्षभर जुळवून पाहू. अर्धी परतफेड आली तर व्याज कसं धरायचं, ते अजून नीट बसलेलं नाही. पुढच्या बैठकीला येतो, तेव्हा मागच्या वर्षीची वही काढून ठेवा.

तुमचीच,
तिघं पोरं