पाठ समुद्राकडे नको

नाशिक, पंचवटी
गुरुवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. तू "बघू" म्हणून फोन ठेवलास, म्हणून हे लिहितोय. कोकणात हेदवीला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या आणि मग डोंगराच्या पायथ्याशी उमामहेश्वराच्या देवळाकडे उतरा. बामणघळ तिथेच आहे, काळ्या कातळातली अरुंद भेग. भरतीची लाट आत शिरते, पुढे वाट नसते, मग सगळं पाणी सरळ वर उसळतं. बघण्यासारखंच आहे ते. पण कोरड्या दगडावरून. दगड ओला दिसला की समज, पाणी तिथवर येऊन गेलंय.

शनिवारी चतुर्दशी. तिथीची पाऊणपट कर, चौदाचे साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि सव्वासहा तासांनी, पावणेपाचला ओहोटी. हिशोब थोडा मागेपुढे होतो, म्हणून गावातल्या कोळ्यांना विचाराच. अमावास्या तोंडावर आहे, म्हणजे उधाण. सकाळी लांबूनच बघा. कातळावर उतरायचं तर तीननंतर, आणि ओहोटी पूर्ण झाली की लगेच परत फिरा. भरती पहिल्या तासात जाणवतही नाही, पण तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढतं. बेसावध माणूस तिथेच अडकतो.

आणि फोटो काढताना पाठ समुद्राकडे नको.

आपल्याकडे गंगेला, म्हणजे गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं. गुडघा, कंबर, गळा. माझ्या खांद्यावर बसून तू ओरडायचीस, "बाबा, बेंबी गेली!" पिवळा रेनकोट होता तुझा, त्याचं एक बटण कायम तुटलेलं. समुद्राला असा मारुती नाही गं. दहा लाटा पायाशी विरतात आणि अकरावी माणसाला उचलून नेते.

पुन्हा भाषण झालं. चुकलं माझं. सात जणांना घेऊन तू एकटीच्या हिमतीवर निघालीस, माई हे शेजारी दोनदा सांगून आली. मीही ऐकत उभा होतो.

चपला नको, मागे पट्टा असलेले सँडल घाला. कातळाला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडांनी तळवा चिरतो. हिरव्या शेवाळावर पाय टाकूच नका. दादाच्या सॅकमधली निळी दोरी घे. कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरी टाकायची, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाकायचा, म्हणजे धरून तरंगता येतं. 112 ला फोन करायचा आणि गावातल्या माणसांना हाका मारायच्या. घळीच्या कडेला तर कुणी बसूसुद्धा नका, पाणी कितीही शांत दिसलं तरी.

चिवड्याचा डबा पिशवीत खाली आहे, परत आण. रविवारी चिपळूण सोडलं की फोन कर, मी जागाच असेन. फोटो पाठव. तुझा चेहरा समुद्राकडे असेल तोच पाठव.

तुझा,
बाबा